बाबुन्याचा चहा : गुण, मात्रा आणि दक्षता

(ऊस विकास विभागाकडून)



या अंकात खोडव्यातील पाचट कसे राखावे यावर लिहायचे आम्ही ठरविले होते. परंतु गेल्या गळीत हंगामाच्या अखेरीस मुंबईस जाण्याचा योग आला, आणि तेथे जे पाहिले ते सभासदांच्या कानावर आधी घालावे असे वाटले. म्हणून पाचटाचा विषय पुढील अंकावर टाकून हा लेख देत आहोत. विषय उसाचा नाही, पण ऊस पिकविणाऱ्या माणसाच्या प्रकृतीचा आहे. तरी माताभगिनींनीही तो वाचावा किंवा वाचून घ्यावा, ही विनंती.

लालबागच्या खोलीत

आमच्या गटातील एक जुने सभासद आहेत. वय साठीच्या पुढे. दोन वर्षांपूर्वी परळच्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांच्या हृदयाची झडप बदलली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवण्याची गोळी रोज घ्यावी लागते. ठराविक मुदतीने रक्त तपासायचे आणि गोळीची मात्रा ठरवून घ्यायची, असा त्यांचा क्रम आहे. एरवी तपासणी तालुक्याला होते. वर्षातून एकदा मात्र मुंबईला दाखवावे लागते.

यंदा तोड लवकर आटोपली म्हणून ते दोन-अडीच आठवडे आधीच मुंबईला गेले आणि लालबागला थोरल्या बहिणीकडे उतरले. मेहुणे गिरणीत होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली, पण चाळीतली खोली राहिली. आपल्या भागातल्या कितीतरी घरांचा परळ-लालबागशी असा संबंध आहे. गावाहून दवाखान्यासाठी जाणाऱ्याला या खोल्यांचाच आधार असतो. आम्हीही कारखान्याच्या कामासाठी मुंबईस गेलो होतो. रात्री मुक्कामाला तेथेच गेलो.

खोलीत गेल्याबरोबर आक्कांनी आमच्यापुढे चहा ठेवला आणि भावापुढे मात्र वेगळाच पेला ठेवला. पिवळसर पाणी, सफरचंदासारखा मंद वास. विचारले तेव्हा समजले की मामाला झोप येत नाही म्हणून भाचीने दादरहून ‘कॅमोमाइल’ नावाच्या फुलांचा चहा आणला होता. भाची कचेरीत नोकरीला आहे. तिच्या कचेरीतल्या मुली हा चहा पितात. मामांना तो मानवला. पहिले दोन दिवस रात्री एक पेला झाला, मग सकाळी एक, मग दुपारी. आम्ही गेलो तेव्हा दिवसाला चार-पाच पेले चालू होते.

“साहेब, घ्या की तुम्हीबी,” ते म्हणाले. “औषध न्हाई काय न्हाई. नुसता फुलांचा चहा.”

आम्ही घेतला. चवीला बरा होता. आमच्याही मनात काही शंका आली नाही, हे कबूल केले पाहिजे.

सकाळी ते दात घासत असताना हिरड्यातून रक्त आले. आक्का म्हणाल्या, “चार दिवस झाले, रोजच येतंय.” दंडावर, कशाला लागलेले नसताना, दोन काळेनिळे डागही होते. तपासणीची तारीख त्याच दिवशी होती, म्हणून आम्ही बरोबर गेलो. रक्ताचा अहवाल पाहून तरुण डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्त हवे त्यापेक्षा बरेच पातळ झाले आहे. मग त्यांनी विचारले, “काका, आमच्या गोळीशिवाय दुसरं काही घेता का?”

“न्हाई बाई. औषध म्हणाल तर तुमचीच गोळी.”

“काढा, चूर्ण, गावठी काही?”

“न्हाई. नुसता फुलांचा चहा.”

डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. “कसली फुलं?”

तेव्हा आक्कांनी पिशवी उघडली. तिच्यातून तीन वस्तू निघाल्या. एक दादरच्या चहाचे पाकीट. दुसरी, गावाकडून बांधावरच्या लिंबावरून तोडून आणलेली गुळवेलीची कांडी; तिचा काढा रोज सकाळी चालू होता. तिसरी, नाव नसलेली चूर्णाची पुडी. ती कोणी दिली, कशाची आहे, हे सभासदांनाही धड आठवेना.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. तिन्ही वस्तूंची नोंद त्यांनी कागदावर केली आणि सांगितले, “यातलं नेमकं कशानं झालं ते मी सांगू शकत नाही. पण तिन्ही आजपासून बंद करा. गोळी मी सांगते तशी घ्या आणि तीन दिवसांनी पुन्हा रक्त दाखवा.” पुढे रक्त हळूहळू ठिकाणावर आले. सभासद आज सुखरूप आहेत. पण तपासणीची तारीख पंधरा दिवस पुढे असती आणि मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव झाला असता तर काय प्रसंग ओढवला असता, याचा विचार करूनच आम्ही हा लेख लिहायला बसलो.

ही फुले आहेत तरी कोणती?

कॅमोमाइलला हिंदी-उर्दूत बाबूना म्हणतात. युनानी हकिमांच्या औषधांत ‘गुल-ए-बाबूना’ म्हणजे हीच फुले. आपणही बाबुना म्हणू. मुंबईत गिरगाव-भुलेश्वरच्या बाजूला काष्ठौषधींच्या दुकानांत सुकलेली फुले सुटी मिळतात, आणि अलीकडे दादरसारख्या ठिकाणी तीच रंगीत पाकिटातून चहा म्हणून मिळतात. वस्तू एकच; एका ठिकाणी ती औषध म्हणून विकली जाते आणि दुसऱ्या ठिकाणी पेय म्हणून. घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

बाबुन्याच्या दोन जाती मुख्य आहेत. एक जर्मन बाबुना. तो एका हंगामात उगवून जातो. दुसरा रोमन बाबुना; तो बहुवर्षायू आहे. चहासाठी बहुधा जर्मन बाबुना वापरतात. फूल लहान, मध्ये पिवळा उंचवटा आणि भोवती पांढऱ्या पाकळ्या. उंचवटा उभा चिरला तर आतून पोकळ असतो, ही जर्मन बाबुन्याची खूण. फुलांचे ऊर्ध्वपातन केले म्हणजे निळ्या रंगाचे सुगंधी तेल निघते.

येथे एक इशारा देऊन ठेवतो. आपल्या बांधावर, रस्त्याच्या कडेला, पाटाच्या काठी जी एकदांडी उगवते, जिला काही गावांत कंबरमोडी म्हणतात, तिचे फूलही मध्ये पिवळे आणि भोवती पांढरे असते. ती बाबुना नव्हे. पाकिटावरचे चित्र पाहून कोणी बांधावरची एकदांडी उकळून पिऊ नये.

गुण किती, बोलबाला किती?

बाबुना निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली निवडक औषधी वनस्पतींवर पुस्तकाचा पहिला भाग काढला, त्यात बाबुन्याच्या फुलांना स्थान दिले आहे. पोटातला वात, अपचन, पोटात येणारी कळ, मनाची अस्वस्थता आणि झोप नीट न लागणे, यांसाठी तो अनेक देशांत पिढ्यान्पिढ्या वापरात आहे. फुलांचे पाणी कोमट करून तोंड आल्यास गुळण्याही करतात.

प्रयोगांतून काय दिसले तेही सांगतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सतत चिंतेचा विकार असलेल्या ५७ रुग्णांवर ८ आठवडे प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. बाबुन्याचा अर्क घेणाऱ्यांची चिंता बेताची, पण मोजता येण्याइतकी कमी झाली. झोप न येणाऱ्या ३४ जणांवर दुसरा प्रयोग झाला; त्याचा निष्कर्ष २०११ साली आला. त्यात झोपेवर ठळक असा फायदा दिसला नाही. म्हणजे रात्री एक पेला घेऊन मन शांत वाटत असेल तर चांगलेच आहे. पण झोपेच्या जुनाट तक्रारीवर हा रामबाण उपाय आहे असे पाकिटावर लिहिलेले असले, तरी त्यावर भिस्त ठेवू नये.

कोणाला चालतो, कोणाला बाधतो

उसात आपण रुंद पानाच्या तणावर २,४-डी मारतो. उसाला काही होत नाही. तेच औषध वाऱ्याने शेजारच्या द्राक्षबागेवर किंवा कपाशीवर गेले तर पीक हातचे जाते. औषध तेच, मात्रा तीच. ज्याच्यावर पडले तो वेगळा. बाबुन्याचेही तसेच आहे. धडधाकट माणसाला एक-दोन पेल्यांनी सहसा काही होत नाही. पुढील मंडळींनी मात्र जपले पाहिजे.

(१) रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेणारे. कॅनडात माँट्रियल येथील ७० वर्षांच्या एका बाईंची हकीकत तेथील वैद्यकीय नियतकालिकात २००६ साली छापून आली. त्या वॉर्फरिन ही गोळी घेत होत्या. खोकला-पडशासाठी त्या बाबुन्याचा चहा पिऊ लागल्या आणि पायाच्या सुजेवर बाबुन्याचे मलम लावू लागल्या. थोड्याच दिवसांत अंगात आतल्या आत रक्तस्राव होऊन त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. एका रुग्णावरून सिद्धांत होत नाही, हे खरे. पण झडप बदललेल्या, हृदयाची गती अनियमित असलेल्या किंवा रक्ताची गुठळी झालेल्या माणसाने हा धोका स्वतःहून पत्करू नये. आमच्या सभासदांची तक्रार याच जातीची होती.

(२) गाजरगवताची ॲलर्जी असणारे. हा मुद्दा आपल्यासाठी सर्वांत जवळचा आहे. गाजरगवत, म्हणजे काँग्रेस गवत, आपल्या देशात १९५५ साली पुण्यात प्रथम लक्षात आले आणि आज एकही बांध त्याच्यापासून सुटलेला नाही. ते उपटताना हातापायाला, मानेला, पापण्यांना खाज सुटून कातडी जाड होणारे कितीतरी शेतकरी आणि मजूर आम्ही पाहतो. गाजरगवत, शेवंती, झेंडू, सूर्यफूल आणि बाबुना ही सारी एकाच कुळातली. ज्याला या कुळातील एकाची ॲलर्जी आहे त्याला दुसऱ्याचीही होऊ शकते. स्पेनमध्ये परागकणांची ॲलर्जी असलेल्या ८ वर्षांच्या मुलाला बाबुन्याचा चहा प्यायल्यावर तीव्र प्रतिक्रिया आली, अशी नोंद १९८९ साली प्रसिद्ध झाली आहे. तेव्हा ज्याला गाजरगवताने खाज सुटते, किंवा दादरच्या फुलबाजारातून शेवंतीचा भारा उचलला तरी ज्याला शिंका येतात, त्याने या चहाच्या वाटेला जाऊ नये. चहा प्यायल्यावर ओठ-जीभ सुजणे, अंगावर गांधी उठणे, धाप लागणे असे काही झाले तर घरगुती उपाय करीत न बसता थेट दवाखाना गाठावा.

(३) डोळ्यांचे दुखणे. बाबुन्याच्या पाण्याने डोळे धुतात असे ऐकिवात येते. ॲलर्जी असणाऱ्यांचे डोळे त्यामुळे उलट सुजल्याची उदाहरणे आहेत. डोळ्यात गाळलेला काढा घालू नये.

(४) तान्ही मुले. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही; पाणीसुद्धा नाही. पोट दुखते म्हणून फुलांचे पाणी आणि त्यात मधाचे बोट, असे कोणी करीत असेल तर ते थांबवावे. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, कारण त्यात असणाऱ्या एका जंतूच्या बीजाणूंमुळे लुळेपणाचा घातक आजार होऊ शकतो. सुट्या वाळवलेल्या फुलांतही असे बीजाणू सापडले आहेत. काही घरांत दात येताना ‘कॅमोमिला’च्या होमिओपॅथीच्या गोळ्या देतात. त्यातही कोणत्या घटकांचे मिश्रण आहे ते तपासावे. अमेरिकेत दात येण्याच्या काही होमिओपॅथी गोळ्यांमध्ये बेलाडोना या विषारी वनस्पतीचे प्रमाण कमी-जास्त निघाल्याचे तेथील अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली जाहीर केले होते.

(५) गरोदर स्त्रिया. क्वचित एखादा पेला वेगळा. औषध म्हणून रोज घ्यायचा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

(६) झोपेच्या गोळ्या घेणारे, मूत्रपिंड बदललेले आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळालेले रुग्ण. टाटा रुग्णालयात किंवा केईएममध्ये ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांनी कोणताही काढा, चूर्ण, रस आपल्या मनाने सुरू करू नये. रुग्णाला भेटायला जाणाऱ्या आपल्या माणसांनीही प्रेमापोटी पुडी हातात देऊ नये.

गुळवेलीची गोष्ट

आमच्या सभासदांच्या पिशवीतील दुसरी वस्तू गुळवेल. तिच्याबद्दल बोलले तर काहींना राग येईल, कारण गुळवेलीला आपण अमृता म्हणतो. पण तिचीच हकीकत या बाबतीत फार शिकविणारी आहे, आणि ती घडलीही याच मुंबईत.

परळचे केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेले शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ पासूनचे. तेथील औषधशास्त्र विभागातील डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्वेदातील औषधांची आधुनिक पद्धतीने पारख करण्याचे काम वर्षानुवर्षे केले. त्यांनी डॉ. उर्मिला थत्ते यांच्याबरोबर लिहिलेले आयुर्वेदावरील इंग्रजी पुस्तक १९८९ साली निघाले. पित्तनलिका तुंबून कावीळ झालेल्या ३० रुग्णांवर केईएममध्ये गुळवेलीचा प्रयोग झाला. शस्त्रक्रियेपूर्वी नेहमीच्या उपचारांबरोबर काहींना गुळवेल दिली, काहींना दिली नाही. ज्यांना दिली त्यांच्यात जंतुसंसर्ग आणि मृत्यू कमी दिसले. हा निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे गुळवेलीत गुण आहे, हे परळनेच दाखविले. पण तेथे वनस्पती ओळखून घेतली होती, मात्रा मोजली होती, आणि रुग्ण रोज डॉक्टरांच्या नजरेखाली होते.

त्यानंतर २०२० साली कोरोना आला. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरोघर गुळवेल उकळू लागली. कोणी बोटाएवढी कांडी घाले, कोणी वीतभर. कोणी आठवडाभर घेई, कोणी महिनोन्महिने. त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतील यकृतविकार तज्ज्ञांकडे गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले ६ रुग्ण आले. त्यांची माहिती २०२१ साली प्रसिद्ध झाली. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतून अशाच ४३ रुग्णांचा अहवाल आला. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा कल ज्यांच्यात आहे, त्यांना हा त्रास अधिक होतो असे डॉक्टरांचे मत पडले.

केंद्राच्या आयुष मंत्रालयाने यावर हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच होती याची खात्री कोठे केली, असा त्यांचा प्रश्न होता. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल आहे, तिचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा क्रिस्पा. ती यकृताला बाधू शकते, हे मंत्रालयानेही सांगितले.

या वादात कोणाचे खरे हे ठरविणे आमचे काम नाही. पण शेतकऱ्याने घ्यायचा बोध दोन्ही बाजूंनी सारखाच निघतो. डॉक्टरांचे खरे मानले, तर खरी गुळवेलही प्रत्येकाला आणि कितीही दिवस चालत नाही. मंत्रालयाचे खरे मानले, तर नीट ओळखल्याशिवाय वेल तोडून उकळणे धोक्याचे आहे. वाळलेली कांडी बाजारातून घेतली तर ती कोणत्या वेलीची हे सांगणे जाणत्यालाही अवघड जाते.

आपण बेणे घेताना काय पाहतो? को ८६०३२ म्हणून कोणी काहीही ट्रॉलीत भरून आणले तर घेत नाही. बेणेमळा कोणता, वय किती, कांडीवर कीड-रोग आहे का, हे विचारतो; गटाची पावती मागतो. शेतात लावायच्या कांडीची एवढी चौकशी करणारा माणूस पोटात जाणाऱ्या कांडीची काहीच चौकशी करीत नाही, याचे आम्हांला नवल वाटते.

चहा करावयाचा तर कसा?

वर सांगितलेल्यांपैकी जे नाहीत, त्यांनी बाबुन्याचा चहा जरूर घ्यावा. रीत अशी :

पाकीट सीलबंद असावे. त्यावर वनस्पतीचे नाव, तयार करणाऱ्याचे नाव, बॅच क्रमांक, मुदतीची तारीख आणि अन्न परवाना क्रमांक किंवा आयुर्वेदिक-युनानी औषध परवाना क्रमांक पाहावा. सुटी फुले घेतल्यास बुरशी, माती, कुबट वास नाही ना, ते बघावे.

एक कप, म्हणजे सुमारे १५० मिलिलिटर उकळलेले पाणी घ्यावे. औषधी ग्रंथांत एका वेळेस सुमारे ३ ग्रॅम फुले सांगितली आहेत. पहिल्यांदा घेणाऱ्याने त्याच्या निम्म्यानेच सुरुवात करावी. फुलांवर पाणी ओतून ५ ते १० मिनिटे झाकून ठेवावे आणि गाळून घ्यावे. आपल्या चहासारखे चुलीवर खदखदा उकळू नये. सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जाते आणि उरते ते कडवट पाणी.

साखर घालावी की नाही, असा प्रश्न येईलच. साखर कारखान्याच्या अंकात बिनसाखरेचा चहा सांगणे आमच्या जिवावर येते. पण मधुमेह असणाऱ्यांनी तो बिनसाखरेचाच घ्यावा. बाकीच्यांनी आपल्या आवडीप्रमाणे घ्यावा.

रात्री झोपण्यापूर्वी एक कप पुरे. बरे वाटले म्हणून चार कप करू नयेत. युरियाचे एक पोते पुरत असताना तीन टाकल्याने ऊस तिप्पट होत नाही, लोळतो आणि उतारा घटतो, हे आम्ही प्रत्येक मेळाव्यात सांगतो. तोच हिशेब येथे लावावा. दोन आठवड्यांत झोप सुधारली नाही, किंवा पोटदुखी सारखी उलटून येऊ लागली, तर चहावर दिवस काढू नयेत. दुखण्याचे मूळ दुसरीकडे असू शकते.

“साहेब, हे पीक आपल्याकडे होईल का?”

लालबागहून परतल्यावर ही हकीकत सांगितली तेव्हा पहिला प्रश्न हाच आला. शेतकऱ्याचे डोके तिकडे जायचेच! थोडक्यात उत्तर देतो. जर्मन बाबुना हे रब्बीचे पीक आहे. त्याला थंडी मानवते. उत्तर प्रदेशात लखनौच्या बाजूला त्याची लागवड होते आणि तेथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने त्यावर काम केले आहे. हे पीक क्षारपड-चोपण जमिनीतही तग धरते, हा त्याचा मोठा गुण. पाणी जास्त देऊन ज्यांच्या जमिनी पांढऱ्या पडल्या त्यांच्या तोंडाला पाणी सुटेल.

पण बी राईपेक्षाही बारीक, रोपे करून लावावी लागतात, आणि फुले हाताने चार-पाच वेळा खुडावी लागतात. खुडलेली फुले सावलीत तातडीने वाळवली नाहीत तर काळी पडतात. मजुरीचा आजचा दर पाहता, खरेदीदाराशी लेखी बोली झाल्याशिवाय एक गुंठाही लावू नये असे आमचे मत आहे. हौस म्हणून परसात चार रोपे लावायला हरकत नाही. क्षारपड जमिनीला पहिला उपाय पाण्याचा निचरा, हे मात्र विसरू नये.

खिशात ठेवायची चिठ्ठी

आता शेवटचे आणि महत्त्वाचे. आमच्या सभासदांनी डॉक्टरांपासून काही लपविले नव्हते. विचारले तेव्हा त्यांनी खरेच सांगितले. त्यांच्या लेखी तो चहाच होता, आणि गुळवेल ही घरचीच वेल. आपल्या मनात औषध म्हणजे गोळी, सुई आणि बाटली. बाकी सगळे खाणेपिणे. डॉक्टरही घाईत असतात, परळच्या ओपीडीत तर पाय ठेवायला जागा नसते, आणि हा प्रश्न राहून जातो. काही वेळा डॉक्टर रागावतील म्हणून आपणच गप्प बसतो. तसे करू नये. तिकडच्या डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

तरी प्रत्येक सभासदाने एका कागदावर खालील गोष्टी लिहून तो दवाखान्याच्या फाईलमध्ये ठेवावा :

१. रोज घेत असलेल्या गोळ्यांची नावे आणि मात्रा.

२. काढा, चूर्ण, रस, भस्म, होमिओपॅथीच्या गोळ्या, फुलांचा किंवा पाल्याचा चहा. काय, किती आणि केव्हापासून.

३. अंगाला लावायचे तेल, मलम, लेप.

४. कशाची ॲलर्जी आहे. गाजरगवत, शेवंती यांचाही उल्लेख करावा.

५. नाव माहीत नसलेली पुडी असल्यास ती पुडीच बरोबर न्यावी.

वैद्यांकडे जातानाही हीच चिठ्ठी दाखवावी. वैद्य असोत की डॉक्टर, दोघांनाही दुसरीकडचे औषध कळले पाहिजे. औषधाचा विपरीत परिणाम झाल्यास त्याची नोंद करण्याची सरकारी व्यवस्था देशात २०१० पासून आहे, आणि आयुर्वेद-युनानी औषधांसाठीही तशी सोय आहे. आपल्या डॉक्टरांना ती नोंद करावयास सांगावे. त्यातून दुसऱ्याचा जीव वाचू शकतो.

ज्यांना चिठ्ठी लिहिता येत नाही त्यांनी आपल्या गट कार्यालयात यावे. आमचे कृषी सहाय्यक उसाची नोंद लिहून घेतात तसे हेही लिहून देतील. त्यात त्यांना कमीपणा वाटणार नाही.

परवा आमचे ते सभासद आडसाली लागणीची नोंद करायला गट कार्यालयात आले होते. प्लास्टिकच्या पिशवीतून सात-बाराचा उतारा काढला, मागची पावती काढली, आणि त्याच घडीतून एक कागद खाली पडला. आम्ही उचलून दिला. वर भाचीच्या अक्षरात लिहिले होते, ‘मामांची औषधे’. खाली पाच ओळी होत्या. चौथ्या ओळीत ‘फुलांचा चहा : बंद’ असे लिहिलेले होते, आणि त्याखाली लाल शाईने रेघ ओढलेली होती.

सर्व सभासदांनी या माहितीची नोंद घ्यावी आणि ती घरातील मंडळींना वाचून दाखवावी, ही विनंती.